जाणता माणूस गेल्यावर

पोरांनो, जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गसारख्या गावात आपला एखादा काका असतोच. फोक्सवॅगनच्या चाकण प्लांटमधून कुणी नवं आलं की घर मिळेपर्यंत ज्याला आधी फोन जातो, तो. असा माणूस गेला की आपण रडतो, फोटोला हार घालतो, आणि गणपती तोंडावर आल्यावर कुणीतरी विचारतं, हॉल कुणाशी बोलून मिळायचा? ते एकट्या काकांनाच ठाऊक असतं. म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पहिले दोन दिवस घरच्यांना काही सुचत नाही. जर्मन नीट बोलणारा एक जण त्यांच्याजवळ ठेवा. एकच, पाच जण गेले की पाच सल्ले होतात. मृत्यूची नोंद श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात, तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत व्हावी लागते. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा बेस्टाटर ती धावपळ करतो, पण अस्थी भारतात न्यायच्या असतील तर ते त्याच्या कानावर पहिल्याच भेटीत घाला. इथे अस्थिकलश घरी आणून देवघरात ठेवता येत नाही, त्याची जागा दफनभूमीत. देशाबाहेर न्यायचा तर कागद वेगळे, आणि त्यासाठी गाठ आपल्या हॅम्बुर्गच्या वाणिज्य दूतावासाशी. मृत्यूचा दाखला एक घेऊन भागत नाही. बँक, विमा, पेन्शन, गावाकडचा सातबारा, सगळीकडे तो लागतो. बहुभाषिक दाखला मागा, चार-पाच प्रती जास्तच घ्या.

खरी ओढाताण होते ती दिवसांवरून. दहनाआधी दुसऱ्या डॉक्टरची तपासणी असते, मग दहनाची तारीख मिळायची. दहावा उजाडतो तरी दहन झालेलं नसतं, आणि नाशिकहून फोनावर फोन येत राहतात. गुरुजींशी तुम्हीच आधी बोलून घ्या, काय ठरलं ते भारतातल्या नातेवाइकांना तुमच्यापैकी कुणीतरी सांगा. काकूंना त्या वादात ओढू नका.

भेटायला जाताना पिठलं-भात, खिचडी न्या, डबे परत मागू नका. एकदम वीस जण जाऊ नका. जिन्यात चपलांचा ढीग पडण्याआधी खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंना दोन शब्द सांगून ठेवा. त्या काळ्या कडेचं कार्ड देतील, आत कदाचित नोटही असेल. ते दान नव्हे. कबरीवरच्या फुलांना हातभार म्हणून इथे तशी रीत आहे. काकूंना हे आधी सांगितलं नाही तर त्या दुखावतात.

शोकसभेत प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि एकच प्रसंग. ‘न भरून येणारी पोकळी’ असं म्हणणाऱ्याला माझ्या मते खाली बसवावं. काकांचे कारखान्यातले जर्मन सोबती येणार असतील तर निम्मं बोलणं जर्मनमध्ये ठेवा. नाहीतर ते बिचारे तासभर आपले चेहरे बघत बसतात. आणि काकांचा हट्टीपणाही सांगा. आपण मेलेल्या माणसाचा लगेच संत करतो. मग त्याची नातवंडं ते ऐकून कंटाळतात, कारण त्यांना आजोबा ठाऊक असतात.

या गावाने आपली माणसं कशी आठवणीत ठेवली, तेही बघा. हाइनरिश नॉर्डहोफने 1948 च्या जानेवारीत इथला फोक्सवॅगनचा कारखाना हाती घेतला, बीटल जगभर नेली, आणि 1968 च्या गुड फ्रायडेला तो गेला. त्याच्या नावाचा मोठा रस्ता स्टेशनजवळूनच जातो. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना तो कोण होता हे सांगता येईल, विचारून बघा. कार्ल हानचं वेगळं. 1982 ते 1993 फोक्सवॅगनचा प्रमुख, पण निवृत्तीनंतर एवढा बडा माणूस गाव सोडून गेला नाही. 14 जानेवारी 2023 ला, 96 व्या वर्षी, इथेच गेला. 1994 मध्ये उघडलेल्या कला संग्रहालयामागे त्याचा आग्रह होता, आणि ते आजही चालू आहे. कारखान्याच्या गावातल्या पोरांना चांगली चित्रं बघायला मिळावीत, हा हट्ट मला फार आवडतो. पण खरं शिकायचं ते इटालियनांकडून. 1962 पासून ते आले, बर्लिनर ब्र्युकेजवळच्या लाकडी बराकींत राहिले. फुटबॉल क्लब उभा केला, पुढे मुलांसाठी जर्मन-इटालियन शाळा झाली. सुरुवात करणारे एकेक करून गेले, तरी त्यांच्या क्लबचा, लुपो मार्टिनीचा, संघ अजून मैदानात उतरतो. दर वेळी कुणीतरी पुढचा तयार असणार, त्याशिवाय हे होत नाही.

म्हणून आपलं मंडळ नोंदलेलं असेल आणि काका अध्यक्ष असतील, तर नवा अध्यक्ष निवडून त्याची नोंद न्यायालयाच्या रजिस्टरमध्ये करून घ्या. अर्जावरची सही नोटरीसमोर लागते. हे राहिलं की बँक खात्याला हात लावू देत नाही, आणि ते नेमकं दिवाळीच्या आधी कळतं. नोंदणीच नसेल तर करा. सुरुवातीला सात सभासद लागतात, तेवढे तर एखाद्या किटी पार्टीला जमतात. काकांच्या फोनमधले नंबर घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, इथे खासगी माहितीबाबत लोक फार काटेकोर असतात. परवानगी मिळाली की ओळखी वाटून घ्या: घरमालक एकाकडे, डॉक्टर दुसऱ्याकडे, हॉल तिसऱ्याकडे. सगळं एकाच उत्साही पोरावर टाकू नका, त्याची बदली होते. काकांच्या नावाने पुरस्कार वगैरे वर्षभर काढू नका.

काकूंचं पेन्शन राहिलं. काकांना पेन्शन सुरू झालेलं असेल तर मृत्यूपासून 30 दिवसांच्या आत अर्ज केला की पहिल्या तीन महिन्यांची रक्कम आगाऊ मिळते. पुढच्या विधवा-पेन्शनचा अर्ज वेगळा, त्याला लग्नाचा दाखला लागतो; तो भारतातला, म्हणजे शपथपूर्वक केलेलं भाषांतर मागण्याचीही शक्यता. त्याच्या मागे आत्ताच लागा. आणि मंडळाच्या यादीतून काकूंचं नाव काढू नका, त्यांची वर्गणीही माफ करू नका. दर वर्षीप्रमाणे मागा, आणि पुरणपोळ्या किती करणार तेही विचारा.