साहेब आले नाहीत, हे रोजनाम्यात येऊ दे

सॉ मिलच्या परवान्याची फाईल अडकली, तू दावा लावलास, समन्स निघालं, आणि तारखांवर तारखा पडूनही साहेबांचा पत्ता नाही. तुझा संताप रास्त आहे, पोरा. पण धुळ्याच्या कोर्टात वकिलाचा कारकून म्हणून माझी हयात गेली. माझ्या वकीलसाहेबांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच, की समोरच्याची गैरहजेरी कागदावर आली तरच ती आपल्या कामाची.

आधी समन्स खरोखर बजावलं गेलं का, ते बघ. बेलिफाचा अहवाल स्वतः वाच. 'आम्हाला मिळालंच नाही' हे सरकारी कचेरीचं ठरलेलं उत्तर असतं. म्हणून कोर्टाकडून समन्स हमदस्त, म्हणजे स्वतःच्या हाताने बजावायला, मागून घे आणि त्या कचेरीच्या आवक-जावक टेबलावर स्वतः जा. शिक्का मारून पोच पुढे सरकवतील. तारखेच्या जागी नुसता निळा डाग उमटला असेल तर तिथून हलू नकोस. आवक क्रमांक, तारीख पेनाने लिहून घे, खाली सही घे. पुढे एकतर्फी हुकूम टिकेल की उडेल, ते या चिटोऱ्यावर ठरतं. एक प्रत जिल्हा सरकारी वकिलांच्या ऑफिसातही पोचव. शासनाच्या वतीने समन्स, नोटीस घ्यायचा अधिकार दिवाणी संहितेच्या आदेश 27 ने त्यांना दिलेला आहे. आणि दाव्याआधी कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस दिली होतीस ना? दिली नसशील आणि कोर्टाची तशी परवानगीही घेतली नसशील, तर साहेब न येताही दावा पडू शकतो.

तारखेला पुकारा होईल तेव्हा हजर राहा. वकिलांना सांग, समन्स बजावल्याचा कागद दाखवून प्रतिवादी गैरहजर असल्याची नोंद मागा. संध्याकाळी रोजनामा वाच. 'उभय पक्ष गैरहजर' असं चुकून पडलं असेल तर दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यायचा. एकतर्फीचा हुकूम झाला म्हणून पेढे वाटू नकोस. सरकार तो रद्द करून घ्यायला येतंच. तुझा मूळ अर्ज, फीचं चलन, जुना परवाना हे सगळं आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे.

साहेबाला पिंजऱ्यात उभं करायचा हट्ट मात्र सोड. अधिकाऱ्यांना ऊठसूट जातीने बोलावू नये, बोलवायचंच तर आधी व्हिडिओवरून म्हणणं ऐकावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितलंय. मला ते पटतं. साहेब दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसून तुझा परवाना निघत नाही. माहिती अधिकारात फाईलवरच्या टिपण्यांची प्रत माग, म्हणजे ती कुठल्या टेबलावर झोपलीय ते कळेल. आणि निर्णयच होत नसेल तर खंडपीठात रिट करून मागणी छोटी ठेव: माझ्या अर्जावर अमुक आठवड्यांत निर्णय द्या. 'परवाना द्या' म्हणशील तर वाद वाढेल.

मुदतीचा हुकूम हातात आल्यावरही साहेब ढिम्म राहिले, तरच अवमानाचं बघायचं. दाव्यात पदनाम चालतं. अवमानात त्या तारखेला खुर्चीत कोण होतं, त्याचं नाव लागतं; बदली झाली असली तरी. ही अर्जी अवमान घडल्यापासून वर्षाच्या आत पडली पाहिजे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. आपल्या नवापूरचे स्वरूपसिंग नाईक वनमंत्री असतानाची गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 1997 ला महाराष्ट्रातल्या बिनपरवाना सॉ मिल, व्हिनिअर आणि प्लायवूडचे कारखाने बंद करायला सांगितलं होतं. तरीही पुढे लाकडावर चालणाऱ्या काही कारखान्यांना परवानगी दिली गेली. 10 मे 2006 ला न्यायालयाने नाईकांना आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एकेक महिना साध्या कैदेची शिक्षा दिली. तेव्हा नाईक परिवहनमंत्री होते. खान्देशात त्या निकालाची चर्चा बरेच दिवस चालली. मंत्र्यालाही सुटका नाही, एवढंच लोकांनी त्यातून घेतलं. तुझ्यासारख्या धंदेवाल्याने दुसरी बाजूही बघावी. कोर्टाचा हुकूम डावलून मिळालेल्या परवान्यावर मशीन लावलं, कर्ज उचललं, तर बुडतो तो धंदेवाला. 'कोर्टाचं राहू द्या, आम्ही आतून करून देतो' असं कुणी म्हणालं तर चहाही न घेता उठ.

आता खंडपीठासाठी संभाजीनगरला जायची घाई करू नकोस. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढ की आमच्यासारखा कन्नडचा, दिवस तर मोडतोच. आधी प्रत्येक तारखेच्या रोजनाम्याची आणि बेलिफाच्या अहवालाची सही-शिक्क्याची नक्कल काढ. सोमवारी कोर्ट उघडल्याबरोबर नकलेचा अर्ज टाक, आणि अर्जाची पावती मला व्हॉट्सॲपवर पाठव.