अ‍ॅन्सिबलचं अख्खं प्लेबुक नको, एवढाच भाग हवाय? हे बघून घ्या

इंजिनएक्सच्या कॉन्फिगमधली एक ओळ बदलायची आहे. तेवढ्यासाठी पॅकेजं, युजर, फायरवॉल, डेटाबेस सगळं पुन्हा तपासत बसायचं कारण नाही. टॅग वापरा.

खर्च शून्य. अ‍ॅन्सिबल मोफत आहे आणि टॅगची सोय त्यातच येते. रेड हॅटचं ऑटोमेशन प्लॅटफॉर्म विकत मिळतं, पण निव्वळ टॅगसाठी कुणी ते गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

चालवायचं तुमच्या लिनक्स किंवा मॅक मशीनवरून. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल बसवा. समोरच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएच आणि पायथन असलं की पुरे. जवळ हवं ते एवढंच: इन्व्हेंटरी फाइल, एसएसएच की, सुडोचा पासवर्ड. त्या सर्व्हरची व्हेरिएबलं व्हॉल्टमध्ये असतील तर व्हॉल्टचा पासवर्डही. ‘मी एकच टास्क चालवतोय’ ही सबब तिथे चालत नाही.

टास्कला टॅग लावा, चालवताना ‘--टॅग्ज’ लिहून त्याचं नाव द्या. एखादा भाग गाळायचा असेल तर ‘--स्किप-टॅग्ज’. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं. पण एंटर मारण्याआधी त्याच आज्ञेला ‘--लिस्ट-टास्क्स’ जोडून बघा. काय काय चालणार त्याची यादी येते, सर्व्हरला हातही लागत नाही.

आता छुपा खर्च. टॅगचं स्पेलिंग चुकलं तर अ‍ॅन्सिबल तक्रार करत नाही. फॅक्ट्स गोळा करतं, ‘ओके=1, चेंज्ड=0, फेल्ड=0’ दाखवतं आणि मोकळं होतं. हिरवं बघून तुम्ही चहाला जाता, सर्व्हर मात्र जुन्याच कॉन्फिगवर. म्हणून ‘फेल्ड’ नंतर बघा, ‘चेंज्ड’ आधी.

‘इन्क्लुड टास्क्स’वर लावलेला टॅग त्या ओळीपुरताच असतो, आतल्या टास्कना लागत नाही. आत पोचवायचा तर ‘अप्लाय’ लिहा, किंवा ‘इम्पोर्ट टास्क्स’ वापरा. तिथे तो आपोआप जातो. नव्या माणसाचा अर्धा दिवस खाणारी जागा हीच.

गाळलेल्या टास्कने ‘रजिस्टर’ केलेलं व्हेरिएबल पुढे लागत असेल, तर ‘अनडिफाइन्ड’ म्हणत काम अडतं. अशा टास्कला ‘ऑलवेज’ टॅग द्या. मात्र तो ऊठसूट लावत सुटलात तर वाचवलेला वेळ परत गेलाच.

डेटा पुसणाऱ्या टास्कला ‘नेव्हर’ लावता ना? उत्तम. पण त्याच टास्कवर ‘डेटाबेस’ असा दुसरा टॅगही असेल, तर ‘डेटाबेस’ मागितल्याबरोबर ते टास्क चालतं. ‘नेव्हर’ असूनही. ते दोन टॅग एकत्र ठेवू नका.

वेळेचं म्हणाल तर एका वेळी मुळात 5 सर्व्हर हाताळले जातात. 20 असतील तर प्रत्येक टास्कच्या चार फेऱ्या. ‘--फोर्क्स’ वाढवा. फॅक्ट्स लागत नसतील तर प्लेबुकमध्येच बंद करा, एका टास्कच्या कामात बराचसा वेळ तिथेच जातो.

‘--स्टार्ट-अ‍ॅट-टास्क’चा शॉर्टकट मोहात पाडतो, पण तो त्या टास्कपासून शेवटपर्यंत सगळं चालवतो. त्यापेक्षा टॅगसोबत ‘--लिमिट’ने एकच सर्व्हर निवडा आणि आधी ‘--चेक --डिफ’ लावून काय बदलेल ते पाहा. शेल आणि कमांडची टास्क चेकमध्ये साधारणपणे गाळली जातात, हे धरून चाला.

सर्व्हर कोरा असेल तर टॅगच्या भानगडीत पडू नका. एकदा पूर्ण प्लेबुक चालवा, तुकडे नंतर.