पाणबुडीतल्या महिला आणि न तपासलेलं कारण



पाणबुडीचा विषय निघाला की वर्गातली मुलं सावरून बसतात. आपल्या मुंबईत, माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधतात हे सांगितलं की प्रश्नांचा पाऊसच पडतो. मग एखादी मुलगी विचारते, "बाई, पाणबुडीत बायका पण असतात का?" या एका प्रश्नावर आख्खा तास घेता येतो.

आधी माहिती पाहू. पाणबुडीत महिलांना प्रथम प्रवेश दिला तो नॉर्वेने, १९८५ मध्ये. दहाच वर्षांनी, १९९५ मध्ये, सोल्व्हेग क्रे या 'कोब्बेन' पाणबुडीच्या कमांडर झाल्या. पाणबुडीचं नेतृत्व करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला. पुढे डेन्मार्क, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांनीही दार उघडलं. अमेरिकेने २०१० मध्ये आणि जपानने २०१८ मध्ये बंदी उठवली.

मुलांना खरी विचार करायला लावते ती ब्रिटनची गोष्ट. तिथे युद्धनौकांवर १९९० पासून महिला होत्या, पण पाणबुडीत नव्हत्या. का? तर हवेमुळे! बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के असतो. पाण्याखाली बंद पाणबुडीत माणसांच्या श्वासामुळे तो त्याहून बराच जास्त असतो. त्याने महिलांच्या आरोग्याला धोका होईल, असं सांगितलं जायचं. शेवटी नौदलाच्याच वैद्यकीय संस्थेने अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला, की सरसकट सगळ्या महिलांना बाहेर ठेवण्यासारखं कारणच नाही. काळजी फक्त गर्भवतींच्या बाबतीत घ्यायला हवी. २०११ मध्ये बंदी उठल्याची घोषणा झाली आणि २०१४ मध्ये तीन महिला अधिकारी पाणबुडीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या.

इथे एक गोष्ट जरूर सांगा. तपासणी केली म्हणजे प्रत्येक नियम मोडीत निघतो असं नाही. गर्भवतींसाठीचा नियम राहिलाच. ज्याला आधार होता ते टिकलं, नव्हता ते गेलं.

दुसरी अडचण जागेची. अमेरिकेत त्यावर साधा उपाय निघाला. तीन महिला अधिकाऱ्यांना मिळून एक खोली दिली, आणि सामायिक स्नानगृहाच्या दारावर आत कोण आहे हे दाखवणारी पाटी लावली. झालं!

वर्गात काय घ्याल?

फळ्यावर तीन रकाने आखा : 'काय करू नको म्हणतात', 'कारण काय सांगतात', 'ते तपासलं का?' मुलामुलींना आपापले अनुभव लिहू द्या. मुलगेही लिहितील बरं का, "स्वयंपाकघरात तुझं काय काम?" हे त्यांनाही ऐकावं लागतं.

मी हा तक्ता स्वतःसाठी भरला तेव्हा जरा ओशाळले. बाकं हलवायची असली की माझी हाक कायम मुलग्यांनाच जायची. मुलींना जड होईल, हे माझं कारण. एकदाही विचारलं नव्हतं त्यांना.

पालकहो, आपण मुलींना 'नको' म्हणतो ते बहुतेक वेळा मायेपोटीच. पण माया खरी असली म्हणून कारण खरं ठरत नाही. तेव्हा पुढच्या वेळी 'नको' म्हणण्याआधी एवढंच करू या : कारण तपासून पाहू, आणि अडचण खरी असेल तर आधी दारावरची पाटी शोधू.