तीन महिन्यांचे गुरुजी



*या आठवड्याचा अभ्यास : दुसऱ्याचं मन ओळखणं*

जवळच्या माहूरला दत्तदर्शनाला आपण सगळेच जातो. अवधूताने २४ गुरू केले, त्यांत एक लहान बालकही होतं, हे सत्संगात ऐकलेलं आहे. आज अशा शाळांची माहिती घेऊ, जिथं खरोखरच तान्हं बाळ गुरुजी होऊन येतं.

*पद्धत काय आहे?*

कॅनडातल्या टोरांटो शहरात मेरी गॉर्डन या शिक्षिकेनं १९९६ साली 'रूट्स ऑफ एम्पथी', म्हणजे सहवेदनेची मुळं, हा उपक्रम सुरू केला. आता तो इतर देशांतही चालतो. शाळेच्या परिसरातली एखादी आई किंवा वडील आपलं दोन-चार महिन्यांचं बाळ घेऊन वर्षभरात नऊ वेळा वर्गात येतात. मधे हिरवी चादर अंथरतात, मुलं भोवती बसतात. बाळाच्या झबल्यावर 'टीचर' असं लिहिलेलं असतं!

सोबतच्या प्रशिक्षित ताई उपदेश करत नाहीत, फक्त विचारतात. बाळ का रडलं? भूक लागली, झोप आली, की एवढे चेहरे बघून घाबरलं? भेटीच्या आधी आणि नंतरही एकेक तास असतो. त्यात मुलं बाळावरून स्वतःकडे वळतात. मला भीती वाटते तेव्हा मी काय करतो? वर्गात आणखी कोणाला तसं वाटत असेल?

अशा वर्गांचा अभ्यास झाला तेव्हा मुलांची दांडगाई कमी झालेली आणि मदतीची वृत्ती वाढलेली दिसली.

*एक हकिकत*

गॉर्डनबाईंनी आपल्या पुस्तकात आठवीतल्या एका मुलाबद्दल लिहिलं आहे. तो चार वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांसमोर आईचा खून झाला होता. पुढे तो परक्या घरांत वाढला. वर्गात सगळे त्याला बिचकून असत. एक दिवस बाळाच्या आईनं विचारलं, बाळाला झोळीत घालून छातीशी कोण धरणार? हाच पुढे आला. बाळ त्याच्या छातीला बिलगलं. तो कोपऱ्यात जाऊन त्याला झुलवत राहिला. परत देताना त्यानं विचारलं, ज्याच्यावर कधी कोणी प्रेम केलं नाही, त्याला चांगला बाप होता येईल का?

असा प्रश्न एखाद्या लेकराच्या मनात किती वर्षं दडून असतो, याचा विचार करू या.

*आपल्या मराठी मुलखात*

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. धाकटं भावंडं सांभाळावं लागे म्हणून मुली शाळेला मुकत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. बाळ शाळेच्या आड येतं म्हणून त्याला दूर ठेवलं नाही.

*आदिलाबादला याची गरज का?*

आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी, लंबाडी बोलणारी लेकरं असतात. कोणी शब्द चुकवला की बाकीची हसतात. ज्याला हसतात ते हळूहळू बोलणंच सोडतं. बाळाला तर कोणतीच भाषा येत नाही. त्याला समजून घ्यायचं तर चेहरा, मूठ, रडण्याचा सूर बघावा लागतो, आणि तो प्रत्येक लेकराला कळतो. आपलं बारसं तेच तेलुगू घरातलं बारसाल! बाळाजवळ सगळी लेकरं सारखीच.

*रविवारच्या बालवर्गात असं करू या*

१. बाळ आणि आई दोघंही ठणठणीत असावीत. आईच्या मनाविरुद्ध आग्रह नको.
२. सर्दी-खोकला असलेल्या लेकरानं त्या दिवशी लांब बसावं. सगळ्यांनी हात धुवावेत.
३. बाळ आईच्याच जवळ राहील. भेट वीस मिनिटांची. बाळ कंटाळलं की लगेच थांबायचं.
४. दृष्टीची काळजी वाटत असेल तर खुशाल तीट लावून आणा. पण फोटो, रील, स्टेटस नको.
५. मुलग्यांना पुढे बसवा. बाळ बघणं हे फक्त मुलींचं काम नाही.
६. उत्तर आपण सांगायचं नाही. लेकरांना अंदाज करू द्या, मग आईला विचारा.
७. दर महिन्याला तेच बाळ यावं. ते पालथं पडतं, बसतं, रांगतं, हे लेकरांनी बघितलं पाहिजे.

घरात बाळ नसेल तर शेजारी असतंच.

*घरचा अभ्यास*

आज जेवताना प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची : आज न बोलता कोणाचं दुःख माझ्या लक्षात आलं? मोठ्यांनीही सांगायचं. लेकरं काय म्हणाली ते पुढच्या रविवारी वर्गात ऐकू या.

🙏 सर्वांचं कल्याण होवो 🙏