सैल हँडब्रेक आणि तुझ्या घराचा उतार

चिमे, परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "हँडब्रेक जरा सैल झालाय गं ताई, पण गिअरमध्ये टाकली की राहते गाडी." आणि लगेच आंब्याच्या पेट्यांचं सांगायला लागलीस. माझं मात्र पुढच्या बोलण्यात लक्षच लागलं नाही. तुझं घर मी पाहिलंय ना. वरच्या डांबरी रस्त्यावरून अंगणापर्यंत सरळ खाली येणारी ती लाल मातीची वाट, तिच्या तोंडाशी नाक खाली करून उभी असलेली गाडी आणि खाली अंगणात खेळणारी पोरं. तिथे "राहते" एवढ्यावर भागत नाही, बाळा.

छोटी गाडी रिकामी असली तरी साधारण नऊशे किलोची असते. दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ती जवळजवळ 90 किलोच्या जोराने खाली ओढत असते. तुमची वाट याच्या दुप्पट तीव्र असेल, म्हणजे हा जोर पावणेदोनशे किलोच्या आसपास गेला. माणसं आणि सामान आत असलं की आणखी वाढला. हे सगळं तो एक दांडा धरून ठेवतो, असं आपण मानून चालतो.

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चारही चाकं धरतो. हँडब्रेक मात्र तुझ्या गाडीसारख्या गाड्यांत फक्त मागची दोन चाकं धरतो, तेही केबलने. केबल हळूहळू ताणते, ड्रममधले लायनर झिजतात आणि दांडा पूर्वीपेक्षा थोडा जास्त वर येऊ लागतो. हे इतकं सावकाश होतं की हाताला त्याची सवय होऊन जाते. म्हणून दांडा ओढताना येणारे कटकट आवाज मोजत जा. बहुतेक गाड्यांत चार ते आठ आवाजांत दांडा घट्ट व्हायला हवा. तुझ्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात दिलेला असेल. दहा-बारा आवाज होऊनही हाताला ताण लागत नसेल, तर तो कामाचा राहिलेला नाही. आणि समोरचा लाल दिवा लागला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. दांडा वर आला एवढंच तो दिवा सांगतो. चाकं धरली गेलीत की नाही, हे त्याला कळत नाही.

गिअरने गाडी राहते हे तुझं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. बंद इंजिनातला हवेचा दाब चाकांना फिरू देत नाही, आणि तुझ्या गाडीत ती पुढची चाकं असतात. म्हणजे गिअर पुढची चाकं धरतो, हँडब्रेक मागची. दोघांनी मिळून धरायचं असतं. हँडब्रेक नावापुरता उरला की सगळा भार इंजिनावर येतो. जुनं इंजिन तीव्र उतारावर तो भार सोसेलच असं नाही, गाडी कणाकणाने सरकते. आणि कुणाच्या हाताने गिअर न्यूट्रलला आला, तर मग धरायला काहीच उरत नाही. म्हणून तुझ्या लहानग्या ओमला उभ्या गाडीत एकटं खेळायला अजिबात सोडू नकोस. दार उघडं ठेवून "आलेच हं" म्हणून घरात जाणंही नको.

गाडी लावताना मी काय करते ते सांगते. पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रल करायचं, हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि मग पाय अगदी हळू उचलायचा. गाडी सरकली तर लगेच कळतं, आणि पाय तिथेच असतो. अशी सरकली तर तिथे हँडब्रेकवर विसंबायचं नाही, दुसरी जागा शोधायची. धरली, तर पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद करायचं आणि गिअर टाकायचा: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. सुरू करताना आधी ब्रेक, मग क्लच, मग चावी, नाहीतर गिअरमधली गाडी झटका देऊन पुढे किंवा मागे जाते. सुहासरावही ती गाडी चालवतात ना, त्यांनाही हे सांगून ठेव. एकाने गिअरमध्ये लावलेली गाडी दुसऱ्याने सवयीने सुरू करायची, यातून फार गोंधळ होतात.

स्टिअरिंगही कामाला लाव. रस्त्याच्या डाव्या कडेला फुटपाथचा कठडा असेल आणि तोंड उताराकडे असेल, तर चाकं डावीकडे वळवायची, सुटली तर टायर कठड्याला टेकेल. तोंड चढाकडे असेल तर चाकं उजवीकडे, म्हणजे मागे सरकताना टायर कठड्यावर अडेल. कठडा नसेल तर चाकं कडेला वळवायची, म्हणजे गाडी रहदारीत जाणार नाही, असं शिकवतात. पण हे घाटात डोळे मिटून करायचं नाही. कुंभार्ली उतरताना किती वेळा डाव्या हाताला दरी असते, आठव. तिथे गाडी सुटली तर ती डोंगराकडे जायला हवी. खरं तर सैल हँडब्रेक घेऊन घाटात धबधबा बघायला थांबूच नये. सपाट जागा मिळेपर्यंत पुढे जावं, फोटो नाही निघाला तरी चालेल.

आता चाकाला लावायच्या दगडाचं. तुमच्याकडे हाताशी येतो तो जांभा, आणि तो टायरखाली चुरतो. काळवत्रीचा कोनाचा दगड घे, किंवा सुताराकडून तिरक्या कापाचे दोन लाकडी ठोकळे करून डिकीत ठेव. ते चाकाच्या उताराकडच्या बाजूला, टायरला घट्ट भिडवून लावायचे. लावणाऱ्याने बाजूने हात घालायचा, गाडीच्या पुढे किंवा मागे बसायचं नाही, आणि तोवर ब्रेकवर कुणाचा तरी पाय हवा. निघताना दगड उचलून कडेला टाकायला विसरू नकोस. घाटात रस्त्यावर सोडून दिलेल्या अशा दगडांवरून रात्री दुचाकीवाले पडतात, मला फार राग येतो त्याचा. आणि पावसात तुमच्या घराच्या वाटेवर शेवाळ आलं की ब्रेकने चाकं घट्ट धरली तरी टायरच घसरतात. जून ते सप्टेंबर गाडी वरच ठेवायची.

आणि चिमे, ही एक गोष्ट नीट ऐक, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. गाडी सरकायला लागली तर तिला अडवायला पुढे किंवा मागे जाऊ नकोस. दार उघडून आत उडी मारायचीही नाही. आरडाओरडा कर, लोकांना बाजूला कर, गाडी भिंतीवर आपटू दे. माणसं गाडी वाचवायला हात लावतात आणि चाकाखाली येतात. गाडीचं नुकसान भरून निघतं.

तुझी अडचण मला कळते. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत असतात, घरातलं कुणी म्हणतं "लाव ना लवकर", आणि आपल्याला वाटतं आपल्यामुळे लोकांचा खोळंबा होतोय. होऊ दे खोळंबा. चाकं वळवायला, गाडी धरतेय का बघायला जेवढा वेळ लागेल तेवढा तू घे. हे काही तुझ्या ताईचंच म्हणणं नाही. गाडी सोडून जाताना यंत्र बंद करून ब्रेक लावायचा किंवा ती आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज करायची, हे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 मध्येच आहे.

हे सगळं मात्र दुरुस्ती होईपर्यंत. गॅरेजमध्ये "हँडब्रेक घट्ट करून द्या" एवढंच म्हणालीस तर पोरगा दांड्यापाशी केबल आवळून देईल, आणि तुला दोन दिवस बरं वाटेल. लायनर संपलेले असतील तर ते तसेच राहतात, आणि केबल जास्त आवळली गेली तर चालताना मागची चाकं घासून तापतात. तू सांगायचं, मागचे दोन्ही ड्रम उघडा, लायनर दाखवा, चाकाच्या सिलिंडरमधून तेल गळतंय का बघा, आधी लायनर जुळवा आणि मग केबल. मोठ्या खर्चाचं काम नसतं. मेकॅनिक सुहासरावांकडे बघून बोलायला लागला तरी प्रश्न तूच विचार, गाडी रोज तू चालवतेस.

तोवर गाडी वर देवळाच्या पटांगणात राहू दे. थोडं चालावं लागेल, पिशव्या दोन फेऱ्यांत आणाव्या लागतील, हे मला माहीत आहे. आणि काम झाल्यावर गॅरेजमधून लगेच निघू नकोस. मेकॅनिकला शेजारी बसव, जवळच्या चढावर ने, पाय ब्रेकवर तयार ठेवून न्यूट्रलमध्ये नुसत्या हँडब्रेकवर उभी करून बघ. उताराकडे तोंड करूनही एकदा बघ. दोन्हीकडे जागची हलली नाही, की मग पैसे दे.