77 मिनिटांचा अल्बम नीट ऐकायला खर्च किती?

ड्रीम थिएटर या अमेरिकी बँडचा ‘मेट्रोपोलिस पार्ट 2 : सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा अल्बम ऑक्टोबर 1999 मध्ये आला. प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकून बघू म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सुचवतो, कारण त्यात गोष्ट आहे. निकोलस नावाचा तरुण संमोहनतज्ज्ञाकडे जातो आणि 1928 साली खून झालेल्या व्हिक्टोरियाच्या आयुष्यात शिरतो. दोन अंक, नऊ प्रवेश, बारा गाणी. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या कानांना ही मांडणी परकी वाटत नाही. गिटारच्या गदारोळाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

लोकांचा पुढचा प्रश्न पैशांचा असतो. हेडफोनच्या जाहिराती पाहून त्यांना वाटतं, पन्नास हजार खर्चल्याशिवाय हे संगीत कळणारच नाही. माझा हिशोब वेगळा आहे: पहिल्या वर्षाला पाच हजार पुरतात. इथले सगळे दर अंदाजाने दिले आहेत. घेताना त्या दिवशीचा भाव बघूनच घ्या.

सुरुवात स्ट्रीमिंगपासून करा. एकट्यासाठीचा प्लॅन साधारण शंभर ते दोनशे रुपये महिना पडतो, म्हणजे वर्षाला दीड-दोन हजार. फुकटातही ऐकता येतं, पण या अल्बमला ते मानवत नाही. इथे एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं आणि मध्ये जाहिरात आली की प्रवेश तुटतो. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू आणि ‘क्रॉसफेड’ बंद आहे ना, ते एकदा बघून घ्या. 320 केबीपीएसला अख्खा अल्बम साधारण 185 एमबी होतो, लॉसलेस दर्जात पाचशे एमबीच्या पुढे जातो. घरच्या वायफायवर एकदाच डाउनलोड करून ठेवलात की डेटा वाचतो.

दुसरा खर्च इयरफोनचा, आणि इथे घाई करू नका. तार असलेले चांगले इन-इयर दोन हजारांच्या आसपास मिळतात. फोनला जॅक नसेल तर डोंगलचे हजारभर वेगळे धरा. दुकानात किंवा मित्राचे कानात घालून बघण्यासाठी या अल्बममधलंच ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ लावा. सहा मिनिटांची ही रचना गायनाशिवाय आहे आणि तिच्यात मात्रांचं गणित शंभराहून अधिक वेळा बदलतं. रूपक तालाच्या सात मात्रा टाळीवर धरणारा माणूसही इथे चकतो, कारण आपल्याकडे सम ठरल्या जागी परत येते, इथे तो आधारच काढून घेतलेला आहे. अशा वेळी मोजायचं सोडावं आणि ड्रमर माइक पोर्टनॉयच्या झांजांमागे जावं. मध्येच जॉर्डन रुडेस रॅगटाइम पियानो वाजवतो, आणि जॉन मायंगचा बास क्षणभर एकटा पुढे येतो. त्या बासचे स्वर सुटे सुटे ऐकू आले, तर इयरफोन घ्या. नुसता घुमारा आला, तर किंमत कितीही असो, परत करा. मग अल्बमची सुरुवात लावा: घड्याळाची टिकटिक आणि संमोहनतज्ज्ञाचा संथ आवाज. हे बारीक आवाज लोकलच्या डब्यात हरवतात, म्हणून पहिलं ऐकणं घरीच, रात्री.

त्याआधी एक काम फुकटात करा. याच बँडच्या 1992 च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधलं ‘मेट्रोपोलिस पार्ट 1’ हे साडेनऊ मिनिटांचं गाणं दोनदा ऐका. त्यातले तुकडे 1999 च्या अल्बममध्ये पुन्हा भेटतात, आणि ओळख असली की ऐकायची मजा दुप्पट होते.

सीडीचा पर्याय अजून चांगला आहे आणि लांबच्या पल्ल्यात स्वस्तही. 77 मिनिटं एका सीडीत मावतात. परदेशी नवी सीडी हजार ते दोन हजारांना, जुनी त्याहून बरीच कमी. लॅपटॉपला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह दीड-दोन हजारांत येतो. त्यावर सीडीच्या एकदा एफएलएसी (लॉसलेस) फाइल्स करून ठेवल्यात की पुढे मासिक पैसे भरले नाहीत तरी अल्बम तुमचाच राहतो. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, तेव्हापासून अशी खरेदी बहुतेक ऑनलाइनच होते. परदेशातून थेट मागवत असाल तर सीमाशुल्क आणि टपालखर्च धरून बेरीज करा, नाहीतर स्वस्त वाटलेली सीडी दारात येईपर्यंत महाग होते.

तबकडीचं मात्र मी सांभाळून सांगतो. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं धरली तर हा अल्बम दोन तबकड्यांवर जातो, किंमत चार ते सहा हजार. बरा टर्नटेबल पंधरा-वीस हजारांचा, त्यावर स्पीकर. म्हणजे तीस-पस्तीस हजार. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांची सुई तबकडीवर जास्त भार टाकते आणि खाचा झिजवते.

छंदाचा खर्च मी तासावर मोजतो. दोन हजारांचा इयरफोन रोज तासभर वापरलात तर पहिल्याच वर्षी तासाला साडेपाच रुपये पडतो. पाच हजारांची तबकडी वीस वेळा ऐकलीत तर जवळपास दोनशे रुपये तास. हेच माप इतर छंदांना लावा. तीन हजारांचे ट्रेकिंगचे बूट महिन्यातून एका किल्ल्याला, दर खेपेला सहा तास, असे दोन वर्षं चालले तर तासाला एकवीस रुपये होतात, त्यात एसटीचं भाडं आणि पिठलं-भाकरी वेगळी. अल्बम ऐकून गिटार घ्यावीशी वाटतेच, आणि तिथे आकडा चढतो: पंधरा हजारांची इलेक्ट्रिक गिटार, सहा हजारांचा ॲम्प, महिना दोन हजारांची शिकवणी. पहिल्या वर्षाचे पंचेचाळीस हजार. रोज तासभर बसलात तर तासाला सव्वाशे, आठवड्याला दोनच तास बसलात तर चारशेच्या वर. म्हणून आधी मित्राची गिटार तीन महिने मागून आणा.

प्रत्यक्ष मैफलीसाठीही थोडे बाजूला ठेवा. या परंपरेतले मोठे लोक आपल्याकडे येऊन गेले आहेत: पॉर्क्युपाइन ट्री हा बँड 2009 मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवाला, स्टीव्हन विल्सन 2016 मध्ये पुण्यात एनएच7 वीकेंडरला. मुंबईच्या कोशिश या बँडचा 2013 चा ‘फिरदौस’ हा हिंदी अल्बमही असाच सलग ऐकण्यासारखा आहे. तिकिटासोबत फोमचे इयरप्लग घ्या, पन्नास रुपयांच्या आत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबलला मात्र फक्त 4 तास. हेडफोनचा आवाज साठ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे जा. ऑडिओमेट्री साधारण पाचशे ते हजार रुपयांत होते.

तेव्हा यादी अशी: वर्षाचं स्ट्रीमिंग, दोन हजारांचे इन-इयर, लागलाच तर डोंगल. टर्नटेबल आणि गिटारचे पैसे सहा महिने बँकेतच राहू द्या. तोवर हा अल्बम दहा वेळा सलग, न थांबता ऐकून झाला, तर पुढची खरेदी खुशाल करा.