आधी ऐकून घेऊया

निकाल लागला की आपल्या वस्तीतली काही मुले गप्प होतात. जेवत नाहीत, रात्रभर जागतात, मित्रांना टाळतात. आपण म्हणतो, "नाटकं करतोय." पण हा मनाचा आजार असू शकतो.

अशा वेळी बरोबरीच्या मुलांचा मोठा आधार होतो. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७० साली 'नाइटलाइन' सुरू झाली. रात्री फोनवर विद्यार्थीच विद्यार्थ्यांचे ऐकून घेतात. उपदेश करत नाहीत. पुढे इतर विद्यापीठांतही ही सेवा सुरू झाली.

हे आपल्या घरातही जमते. मुलाजवळ बसा. त्याचे बोलणे मध्येच तोडू नका, शेजारच्या मुलाशी तुलना नको. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, विषारी औषधे हाताला लागू देऊ नका. शासनाच्या 'टेलि-मानस'ला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आणि चोवीस तास असते, मराठीतही बोलता येते. अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका.

तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः केली होती. आपल्या विहारातही रविवारच्या वंदनेनंतर तरुणांनी ऐकून घेण्याचा एक तास सुरू करावा, असे आम्हाला वाटते.